पडद्यावरील शून्य आणि हातातील फलक : पीसीबी आराखडा सॉफ्टवेअरच्या अध्ययन-अध्यापनाची चिकित्सा (विशेष संदर्भ : नांदेड व लातूर)

प्रास्ताविक

इलेक्ट्रॉनिक उपकरणाचे झाकण उघडले असता आत जो हिरवट फलक दिसतो, त्यावरील तांब्याच्या वाटा पूर्वी हाताने आखल्या जात. आज त्या संगणकावर आखल्या जातात. या फलकाला मराठीत ‘मुद्रित परिपथ फलक’ म्हणता येईल. परंतु वर्गात, प्रयोगशाळेत आणि दुरुस्तीच्या दुकानातही ‘पीसीबी’ हाच शब्द रूढ असल्याने प्रस्तुत लेखात तोच स्वीकारला आहे. पीसीबीचा आराखडा तयार करणारी सॉफ्टवेअर शिकताना पदवी व पदविका स्तरावरील विद्यार्थी विलक्षण वैतागतात, ही गोष्ट इलेक्ट्रॉनिक्सच्या प्राध्यापकांना नवी नाही. या वैतागाची कारणे सांगताना इंग्रजीचे दुर्बळ ज्ञान, सरावाचा अभाव, जुने संगणक आणि विद्यार्थ्यांची उदासीनता अशी यादी सामान्यतः दिली जाते. ही कारणे खोटी नाहीत, परंतु ती वरवरची आहेत. बारावीला भौतिकशास्त्रात उत्तम गुण मिळविणारा, मोबाईलवरील कोणतेही नवे ॲप अर्ध्या तासात आत्मसात करणारा विद्यार्थी ५५५ क्रमांकाच्या साध्या टायमरचा फलक आखताना हात टेकतो, याचा उलगडा या यादीने होत नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हे सॉफ्टवेअर जिथे चूक नाही तिथे ओरडते आणि जिथे खरी चूक आहे तिथे गप्प बसते. कोणत्या ओरडण्याकडे दुर्लक्ष करावे आणि कोणत्या मौनाला घाबरावे हे ज्याला आधीच कळते, त्याच्यासाठी ते घडविले गेले आहे. हे कळण्यास लागणारा अनुभव फलक हाताळल्याशिवाय येत नाही; आणि नेमका तोच अनुभव वजा करून हा विषय शिकविला जातो. नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांच्या शैक्षणिक संस्कारांमुळे ही अडचण अधिक तीव्र कशी होते, याचाही विचार पुढे केला आहे.

साधनांची पार्श्वभूमी

नांदेडजवळील विष्णुपुरी येथे श्री गुरु गोविंदसिंहजी यांच्या नावाची अभियांत्रिकी संस्था १९८१ साली सुरू झाली. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झाले. म्हणजे या भागातील तंत्रशिक्षणाचा विस्तार आणि पीसीबी सॉफ्टवेअरचा जगभरातील प्रसार या दोन्ही गोष्टी साधारणतः एकाच कालखंडातील होत. ऑरकॅड ही कंपनी १९८५ साली अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात निघाली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील टास्मानियात प्रोटेल सुरू झाले. पुढे त्याचे अल्टियम झाले. ईगल हे जर्मनीतून १९८८ साली आले. कायकॅडचा आरंभ १९९२ साली फ्रान्समधील ग्रेनोबल येथील एक अध्यापक ज्याँ-पिएर शारा यांनी केला आणि २०१३ पासून त्याच्या विकासास सर्न या युरोपीय संशोधन संस्थेचे बळ मिळाले.

हा इतिहास विद्यार्थ्याला पाठ असण्याची गरज नाही. त्यातील एक गोष्ट मात्र अध्यापकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. ही साधने स्थिर नाहीत. ईगलची मर्यादित परंतु विनामूल्य आवृत्ती अनेक वर्षे विद्यार्थ्यांचा आधार होती. तिच्यात १०० बाय ८० मिलिमीटरपर्यंतचा दोन थरांचा फलक करता येत असे. २०१६ साली ईगल ऑटोडेस्क कंपनीकडे गेले, २०१७ पासून वर्गणीची पद्धत आली आणि ७ जून २०२६ पासून ते मिळणार नाही असे कंपनीने २०२३ सालीच जाहीर केले. कायकॅड विनामूल्य व मुक्त असले तरी तेथेही बदलांचा वेग मोठा आहे. चौथ्या आवृत्तीत आराखड्यातून नेटलिस्ट नावाची स्वतंत्र फाईल काढून ती फलकाच्या खिडकीत वाचावी लागे. २०१८ च्या पाचव्या आवृत्तीपासून ही पायरी एका आज्ञेत सामावली गेली. २०२१ च्या अखेरीस आलेल्या सहाव्या आवृत्तीने आराखड्याच्या फाईलचे स्वरूपच बदलले. परिणामी घरच्या संगणकावर केलेले काम महाविद्यालयातील जुन्या आवृत्तीत उघडत नाही आणि ‘फाईल खराब झाली’ असे विद्यार्थी समजतो. कोणत्या बटणावर कोठे टिचकी मारावी एवढेच सांगणारी प्रयोगपुस्तिका अशा परिस्थितीत दोन-तीन वर्षांत जुन्या रेल्वे वेळापत्रकासारखी होते.

ओरडणे

कायकॅड शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येणारा एक अनुभव येथे सविस्तर पाहणे उद्बोधक ठरेल. विद्यार्थी ५५५ टायमरचा आराखडा काढतो. नऊ व्होल्टच्या बॅटरीसाठी दोन पिनांचा कनेक्टर ठेवतो. त्याची एक पिन टायमरच्या ८ क्रमांकाच्या पिनेला व दुसरी १ क्रमांकाच्या पिनेला जोडतो. आराखडा पाठ्यपुस्तकातील आकृतीशी तंतोतंत जुळतो. नंतर तो ‘इलेक्ट्रिकल रूल चेक’ म्हणजे ईआरसी चालवितो आणि पडद्यावर दोष उमटतो : वीज घेणाऱ्या पिनेला वीज देणारी कोणतीही पिन जोडलेली नाही. विद्यार्थी वायर तपासतो, पुसून पुन्हा काढतो, टायमर बदलून पाहतो. दोष हलत नाही. शेजारच्या विद्यार्थ्याकडेही तोच दोष असतो. शेवटी कोणीतरी वरच्या वर्गातील मुलगा येऊन ‘पॉवर फ्लॅग’ नावाचे एक चिन्ह त्या वायरला लावतो आणि दोष नाहीसा होतो. का नाहीसा झाला हे त्यालाही सांगता येत नाही.

वास्तविक पाहता येथे विजेचा काहीही संबंध नाही. ग्रंथालयातील प्रत्येक चिन्हाच्या प्रत्येक पिनेवर तिचा प्रकार नोंदविलेला असतो : ही पिन वीज घेते, ही देते, ही तटस्थ आहे. ५५५ ची ८ क्रमांकाची पिन ‘वीज घेणारी’ म्हणून नोंदलेली आहे. कनेक्टरची पिन मात्र तटस्थ आहे, कारण त्या कनेक्टरला पुढे बॅटरी जोडली जाणार की ध्वनिक्षेपक, हे सॉफ्टवेअरला ठाऊक नसते. पॉवर फ्लॅग म्हणजे ‘या वायरवर बाहेरून वीज येणार आहे, याची हमी मी घेतो’ असे आराखडाकाराचे निवेदन होय. त्याने फलकावर तांब्याचा एक कणही वाढत नाही. म्हणजे ईआरसी परिपथ तपासत नाही. परिपथाविषयी केलेली निवेदने परस्परांशी जुळतात की नाही, हे तपासते. तलाठ्याच्या सातबाऱ्यावरील नोंद आणि प्रत्यक्ष शेत यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. नोंदीत त्रुटी असली म्हणून शेतातील पीक वाळत नाही, आणि नोंद बिनचूक असली म्हणून विहिरीला पाणी लागत नाही. ही एक गोष्ट पहिल्याच तासाला सांगितली गेली तर पुढचा अर्धा वैताग टळेल. परंतु प्रयोगपुस्तिकेत बहुधा एवढेच लिहिलेले असते : ‘पॉवर फ्लॅग जोडा. ईआरसी चालवा. दोष शून्य असल्याची खात्री करा.’

दुसरा अनुभव याच जातीचा. वायरचे टोक पिनेला टेकलेले दिसते. तरीही पिन जोडलेली नाही असे सॉफ्टवेअर सांगते. कारण आराखड्याच्या खिडकीत अदृश्य जाळी असते, तिचे घर प्रथेने १.२७ मिलिमीटरचे म्हणजे ५० मिलचे असते आणि चिन्हांच्या पिना त्या जाळीवर बसविलेल्या असतात. विद्यार्थ्याने मध्येच जाळी बारीक केली आणि चिन्ह किंचित सरकले, तर डोळ्याला टेकलेली वायर सॉफ्टवेअरच्या लेखी दूरच राहते. येथे ओरडणे योग्य आहे, परंतु कारण सांगितले जात नाही. ‘मिल’ हे एकक म्हणजे इंचाचा हजारावा भाग. दशमान पद्धतीत वाढलेल्या विद्यार्थ्याला ते मिलिमीटरचेच लघुरूप वाटते. २.५४ हा आकडा त्याने सातवी-आठवीत पाठ केलेला असतो, पण आयसीच्या दोन पायांत नेमके तेवढे अंतर असते ही गोष्ट त्याने कधी पट्टी लावून पाहिलेली नसते.

मौन

ओरडण्याने वैताग येतो. मौनाने नुकसान होते. त्याची तीन उदाहरणे पुरेशी आहेत आणि तिसरे सर्वांत गंभीर आहे.

ट्रान्झिस्टरचे आराखड्यातील चिन्ह सर्वत्र सारखेच असते. बीसी ५४७ आणि २एन ३९०४ हे दोन्ही ट्रान्झिस्टर त्याच काळ्या अर्धगोल आवरणात येतात. सपाट बाजू समोर व पाय खाली धरले असता पहिल्याचे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे असतात. दुसऱ्याचे एमिटर, बेस, कलेक्टर असे. विद्यार्थ्याने एकाचे चिन्ह घेऊन दुकानातून दुसरा आणला, तर आराखडा, फलक आणि दोन्ही तपासण्या निर्दोष राहतात. फक्त उपकरण चालत नाही. आता लातूर किंवा नांदेडच्या बाजारात जो भाग मिळतो तोच घ्यावा लागतो, आणि ‘हा पण चालतो’ असे दुकानदार म्हणतो, तेव्हा ते सामान्यतः खरेही असते. चालत नाही ती पायांची मांडणी.

प्रोटियस हे इंग्लंडमधील लॅबसेंटर कंपनीचे सॉफ्टवेअर प्रकल्पांसाठी फार लोकप्रिय आहे, कारण त्यात मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्रॅमही पडद्यावर चालवून दाखविता येतो. त्यात एटी ८९सी५१ या चिपला क्रिस्टल जोडला नाही, रिसेटचा परिपथ काढला नाही, तरी ती चालते. कारण घड्याळाची वारंवारिता चिपच्या गुणधर्मांच्या खिडकीत लिहिलेली असते. वीजपुरवठ्याच्या पिना तर चिन्हावर अनेकदा दिसतच नाहीत. त्या आपोआप जोडलेल्या मानल्या जातात. सादरीकरणासाठी ही सोय उत्तम आहे. परंतु हीच आकृती फलकावर उतरविणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती निर्जीव चिप येते, आणि ‘सिम्युलेशनमध्ये तर चालत होते’ हे वाक्य तोंडी परीक्षेत ऐकू येते. त्याचे हे वाक्य खोटे नसते.

तिसरे उदाहरण शेतीपंपाच्या स्टार्टरचे आहे. मराठवाड्यातील विद्यार्थी प्रकल्पासाठी जे विषय निवडतात त्यांत पंपाचा ऑटोस्विच, मोबाईल स्टार्टर, फेज गेल्यास मोटार बंद करणारे साधन हे विषय स्वाभाविकपणे येतात. रात्री-अपरात्री येणारी थ्री-फेज वीज, तिच्यासाठी विहिरीवर घालावी लागणारी खेप, काळोखात ओल्या पायवाटेने जाणारे वडील हे यांपैकी अनेकांच्या घरातील वास्तव आहे. त्यामुळे हा विषय निवडणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात गुणांपलीकडचे काही असते. अशा फलकावर एका बाजूला पाच व्होल्टचा मायक्रोकंट्रोलर आणि दुसऱ्या बाजूला रिलेच्या संपर्कबिंदूंवर ४१५ व्होल्टची वीज असते. दोन वाटांतील किमान अंतरासाठी सॉफ्टवेअरने गृहीत धरलेला मूळ आकडा ०.२ मिलिमीटरच्या आसपास असतो. तो आकडा कमी व्होल्टच्या, कारखान्यात तयार होणाऱ्या फलकासाठी ठीक आहे. विद्यार्थी तो बदलत नाही, कारण तो बदलायचा असतो हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ‘डिझाइन रूल चेक’ म्हणजे डीआरसी दोन्ही वाटांकडे सारख्याच नजरेने पाहते आणि शून्य दोष असा निर्वाळा देते. प्रत्यक्षात अशा दोन वाटांमध्ये काही मिलिमीटर अंतर ठेवावे लागते. अनेकदा फलकाला आरपार खाचही पाडावी लागते. पंपाच्या पेटीत धूळ असते, दमट हवा असते, पाली आणि मुंग्याही असतात. सॉफ्टवेअरला यांतील काहीच ठाऊक नसते. पॉवर फ्लॅगसाठी विद्यार्थ्याचा तास खर्ची पाडणारे तेच सॉफ्टवेअर येथे एक शब्दही बोलत नाही.

अर्थात येथे सॉफ्टवेअरला दोष देणे अन्यायाचे होईल. वायरींचे गट करून प्रत्येक गटाला वेगळे अंतर व वेगळी रुंदी ठरवून देण्याची सोय कायकॅडमध्ये आहे आणि ती चांगली आहे. नियम सांगितला तर ते कठोरपणे पाळते. परंतु नियम सांगणाऱ्याला तो आधी ठाऊक हवा.

शब्दांचा प्रश्न

या सॉफ्टवेअरची भाषा इंग्रजी आहे म्हणून विद्यार्थी अडखळतो, हे मत अर्धवट आहे. ‘रेझिस्टर’, ‘कपॅसिटर’, ‘ग्राउंड’ हे शब्द त्याला मराठीइतकेच परिचित असतात. अडचण येते ती इंग्रजीतील रूपकात्मक शब्दांची. भागाचे पाय फलकावर जेथे टेकतात त्या तांब्याच्या नक्षीला ‘फूटप्रिंट’ म्हणतात. म्हणजे सरळसरळ पाऊलखूण. हा अर्थ एकदा उलगडला की आराखड्यातील चिन्ह वेगळे आणि फलकावरील पाऊलखूण वेगळी का, हा नवशिक्याचा सर्वांत मोठा गोंधळ बराच निवळतो. चिन्ह म्हणजे भागाचे नाव, पाऊलखूण म्हणजे त्याच्या देहाचे माप. एकाच नावाची माणसे वेगवेगळ्या मापाची असू शकतात. भागाभोवती जी मोकळी जागा राखून ठेवायची असते तिला कायकॅड ‘कोर्टयार्ड’ म्हणते. तिला ‘अंगण’ म्हटले तर दोन अंगणे एकमेकांत शिरली असता सॉफ्टवेअर का तक्रार करते हे मराठवाड्यातील कोणत्याही विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागणार नाही. बांधावरून आणि अंगणावरून होणारी भांडणे त्याने पाहिलेली असतात. फलकावरील पांढऱ्या अक्षरांना ‘सिल्कस्क्रीन’ म्हणतात, तेव्हा लग्नपत्रिका छापणाऱ्या स्क्रीन प्रिंटिंगच्या दुकानाचा उल्लेख पुरतो. अद्याप न आखलेल्या जोडण्यांच्या बारीक रेषांचे जे जंजाळ दिसते त्याला इंग्रजीत उंदराच्या घरट्याची उपमा आहे. मराठीत उंदराला बीळ असते, घरटे नसते, त्यामुळे ही उपमा सोडून दिलेली बरी. ‘गुंता’ हा शब्द पुरेसा आहे.

परिभाषेच्या अंगाने मराठीतही एकवाक्यता नाही. शालेय पाठ्यपुस्तकांत ‘परिपथ’ आहे, तर मराठी विश्वकोशात ‘विद्युत् मंडल’ असा प्रयोग आढळतो. दोन्ही शब्द अर्थवाही आहेत. परंतु प्रयोगशाळेत मराठी समजावणी करायची तर तांत्रिक नावे इंग्रजी ठेवून त्यांतील रूपक मराठीत उलगडणे अधिक फलदायी होते. मुंबईच्या आयआयटीत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने चाललेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने पडद्यावरील मजकूर इंग्रजीच ठेवून निवेदन भारतीय भाषांत देण्याचा मार्ग स्वीकारला, तो या दृष्टीने समंजस आहे. त्या संस्थेच्या फॉसी प्रकल्पातून तयार झालेले ‘ईसिम’ हे मुक्त सॉफ्टवेअरही कायकॅडच्या आधारानेच उभे आहे. तथापि ध्वनिचित्रफीत कितीही चांगली असली तरी ती कृती दाखविते. चुकीच्या कृतीचा परिणाम दाखवीत नाही. फीत पाहताना सर्व काही समजते आणि फीत बंद होताच काही सुचत नाही, ही विद्यार्थ्यांची तक्रार त्यामुळेच उद्भवते.

एका उत्तराची शिस्त

लातूरचे नाव शिक्षणक्षेत्रात ज्या ‘पॅटर्न’मुळे झाले त्याचा येथे विचार करणे अपरिहार्य आहे. नियमित चाचण्या, प्रश्नांचा अखंड सराव, वेळेचे काटेकोर नियोजन आणि प्रत्येक चुकीची तत्काळ दुरुस्ती ही त्या पद्धतीची बलस्थाने होत. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या कुटुंबांतील मुलामुलींना वैद्यकीय व अभियांत्रिकी शिक्षणाची दारे या पद्धतीने उघडून दिली. नांदेडनेही पुढे तोच मार्ग धरला. या यशाला नाके मुरडणे हा पुण्या-मुंबईकडील काही मंडळींचा जुना छंद आहे आणि त्यात सामील होण्याचे कारण नाही. परंतु या पद्धतीत घडलेली बुद्धी एक गृहीतक सोबत आणते : प्रश्नाला चार पर्याय असतात, त्यांतील एक बरोबर असतो आणि बरोबर आले की नाही हे लगेच कळते.

फलकाच्या आखणीत यांतील एकही गोष्ट खरी नाही. त्याच आराखड्याचे दहा विद्यार्थ्यांनी केलेले दहा फलक वेगवेगळे असतील आणि दहाही चालू शकतील. कोणता अधिक चांगला, हे सांगण्यासाठी निकष अनेक व परस्परविरोधी असतात : वाटा आखूड हव्यात, पण रुंदही हव्यात; भाग जवळ हवेत, पण डागणीची लेखणी आत शिरली पाहिजे. जो विद्यार्थी ‘सर, हे बरोबर आहे का?’ असे दर पाच मिनिटांनी विचारतो त्याला आळशी वा परावलंबी ठरविणे चूक आहे. त्याला तसेच घडविण्यात आले आहे. अशा विद्यार्थ्याला या साऱ्या अनिश्चिततेत एकच निश्चित आधार दिसतो, तो म्हणजे तपासणीच्या खिडकीतील शून्य. तो शून्यालाच उत्तर समजतो. मग शून्य मिळविण्यासाठी दोष दडपण्याच्या युक्त्याही सुरू होतात : न जोडलेल्या पिनांवर सरसकट ‘जोडणी नाही’ अशी फुली मारणे, इशारे यादीतून वगळणे, अंतराचा नियमच शिथिल करणे. सॉफ्टवेअर हे सर्व निमूटपणे मान्य करते.

मूल्यमापनाची पद्धत या समजुतीला खतपाणी घालते. प्रयोगवहीत पडद्याची छायाचित्रे चिकटविली जातात, त्यांत दोष शून्य दिसला की सही होते. फलक प्रत्यक्ष तयार झाला का, त्यावर भाग बसले का, वीज दिल्यावर काय झाले, यांस बहुधा गुण नसतात. कारणे व्यवहार्य आहेत : वर्गात विद्यार्थी अधिक, तास थोडे, कारखान्यातून फलक करवून घ्यायचा तर तो बाहेरगावी पाठवावा लागतो आणि सत्र संपत आलेले असते. अंतिम वर्षाचा प्रकल्प तयार स्वरूपात विकत आणण्याची प्रवृत्ती या पोकळीतच वाढते. विकत आणणाऱ्या विद्यार्थ्याला नीतिपाठ देणे सोपे आहे. परंतु दोन वर्षे ज्याने केवळ पडद्यावरील फलक पाहिला, त्याच्याकडून तिसऱ्या वर्षी स्वतःच्या हाताने केलेल्या फलकाची अपेक्षा कोणत्या आधारावर ठेवायची?

हाताचे काम

संगणक येण्यापूर्वीची पद्धत गैरसोयीची होती, यात शंका नाही. तांब्याचा पत्रा चिकटविलेल्या फलकावर रंगाने किंवा पक्क्या शाईच्या पेनने वाटा काढायच्या, फेरिक क्लोराईडच्या तपकिरी द्रावणात तो बुडवून हलवीत राहायचे, उघडे तांबे विरघळले की धुवून हातड्रिलने भोके पाडायची. सदऱ्यावर पडलेले डाग कायमचे राहत. परंतु त्या पद्धतीत चूक कधी गप्प बसत नसे. बारीक काढलेली वाट द्रावणात खाल्ली जाई आणि तुटलेली दिसे. लहान ठेवलेल्या पॅडवर ड्रिल चालविले की तांब्याचे कडे उखडून हातात येई. वाट किती रुंद हवी, हे कोणत्याही कोष्टकाविना बोटांना कळत असे.

याउलट आज विद्यार्थी सॉफ्टवेअरच्या मूळ रुंदीनेच सर्व वाटा आखतो, डीआरसी शून्य दाखविते, आणि तोच फलक टोनर व इस्त्रीच्या पद्धतीने प्रयोगशाळेत करायला घेतला तर निम्म्या वाटा नाहीशा होतात. नवशिक्याच्या हाताला पाऊण ते एक मिलिमीटरची वाट लागते. खालच्या थरावरील अक्षरे पडद्यावर उलटी दिसतात, कारण सॉफ्टवेअर फलकाकडे वरून, जणू तो पारदर्शक असल्याप्रमाणे पाहते. विद्यार्थ्याला ती चूक वाटते. तो छपाईच्या वेळी प्रतिमा उलटवितो. इस्त्रीने शाई कागदावरून तांब्यावर उतरताना प्रतिमा आपोआपच एकदा उलटणार होती, हे त्याच्या ध्यानात येत नाही. परिणामी ५५५ ची १ क्रमांकाची पिन ८ च्या जागी जाते आणि आयसी तांब्याच्या बाजूनेच बसवावी लागते. ही चूक एकदा हातून झाली की पुन्हा होत नाही. पडद्यावर ती शंभरदा समजावली तरी पुन्हा होते.

यावरून जुन्या पद्धतीकडे परत जावे असे सुचवायचे नाही. सुचवायचे आहे ते क्रमाविषयी. सॉफ्टवेअरचा पहिला तास संगणकाविना व्हावा : पाच-सहा भाग, एक पट्टी, शक्य असल्यास व्हर्निअर आणि आलेखाचा कागद. विद्यार्थ्याने भाग कागदावर ठेवून त्याची पाऊलखूण काढावी, अंगण आखावे, पहिल्या पिनेचा पॅड चौकोनी करावा. त्यानंतर एक लहान, एका थराचा फलक प्रयोगशाळेतच विरघळवून घ्यावा; त्यास लागणारा खर्च कोणत्याही विभागास झेपेल असा आहे. हातमोजे व चष्मा वापरणे आणि उरलेले द्रावण मोरीत न ओतणे, एवढी दक्षता मात्र घ्यावी. यानंतरच सॉफ्टवेअर उघडावे. तोंडी परीक्षेत शून्य दोषांची खिडकी पाहण्याऐवजी मुद्दाम काही इशारे राहू दिलेला आराखडा समोर ठेवावा आणि यांतील कोणते राहू द्याल, कोणते नाही व का, असे विचारावे. या प्रश्नाची उत्तरे पाठ करता येत नाहीत. गुणदानात मतभेद होतील, दोन परीक्षकांचे जुळणार नाही. ती किंमत मोजण्यासारखी आहे.

आणि पंपाच्या फलकासाठी तर साधन गावातच उपलब्ध आहे. स्टार्टर दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे जळालेले फलक पडून असतात. तो ते भंगारात टाकतो, मागितले तर देतो. अशा फलकावर रिलेच्या दोन संपर्कबिंदूंमध्ये कोळशासारखी काळी रेघ अनेकदा दिसते. तेथे वीज एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर, तांबे नसलेल्या जागेतून, धुळीच्या आणि ओलीच्या आधाराने गेलेली असते. विद्यार्थ्याने त्या रेघेवर पट्टी ठेवून अंतर मोजावे, वहीत लिहावे, शेजारच्या न जळालेल्या वाटांतील अंतर मोजावे, आणि मग कायकॅडमधील उच्च दाबाच्या गटासमोरील ०.२ हा आकडा खोडून तेथे कोणता आकडा घालायचा ते स्वतः ठरवावे.